काका टेकडीवर कोणाशी बोलतात

माझ्या मोठ्या काकांची नक्कल करणं सगळ्यात अवघड. मला नकला येतात. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, पुढच्या गोष्टीला त्याची गरज आहे म्हणून सांगते. प्रत्येक माणसाच्या बोलण्यात कुठेतरी एक खुंटी असते. ती सापडली की त्याचा अख्खा आवाज तिच्यावर टांगून घरी आणता येतो. भूगोलाच्या बाईंची खुंटी म्हणजे ‘बरं का’. ‘हा बरं का समुद्र, आणि ही बरं का जमीन.’ आमचे रब्बी, म्हणजे आम्हा यहुद्यांचे धर्मगुरू, प्रत्येक मुद्द्यानंतर स्वतःलाच दुजोरा देतात : ‘असं आहे. आहेच असं.’ आईची खुंटी म्हणजे वाक्य सुरू करण्यापूर्वीचा सुस्कारा. तो नुसता सोडला तरी बाबा दुसऱ्या खोलीतून ‘आणतो, आणतो’ म्हणतात, काय आणायचंय ते माहीत नसताना.

काकांना खुंटीच नव्हती. काका सोफे करतात. जुन्याचे नवे, नव्याचे आणखी नवे. तळमजल्यावर त्यांचं दुकान, दुकानामागे त्यांचं घर आणि वर आम्ही. हल्ली सगळे गादीकाम पिना मारायच्या बंदुकीनं करतात, पण काका जुन्या पद्धतीचे. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेनं एकेक पुढे आणायचा, चुंबकाची हातोडी ओठांशी न्यायची, खिळा तिला चिकटला की ठक. कापड ताणलं, ठक. दिवसभर हे चालतं, त्यामुळे दिवसभर काका बोलत नाहीत. संध्याकाळी खिळे डबीत जातात, तरीही बोलत नाहीत. बहुतेक तोंडाला सवय राहिली नसावी.

बोलायचं खातं काकूकडे. ती समोरच्या कोपऱ्यात मशीनवर खोळी शिवते आणि कडांना गोट घालते. मशीन चालू असतं आणि मशीनच्या वरच्या पट्टीत काकू चालू असते. ‘अहो, ऐकताय ना, तर ती दातांच्या डॉक्टरांची बायको मला म्हणते, मखमल हवी, म्हटलं घ्या बाई मखमल, म्हणजे तोंडावर नाही म्हटलं, मनात म्हटलं, तोंडावर म्हटलं छान दिसेल, आणि दिसेलही छान, पण पेशंट येऊन त्यावर लाळ गाळणार त्याचं काय, अहो, ऐकताय ना.’ काका म्हणतात, ‘हं.’ हा ‘हं’ मला येतो. पण ‘हं’ची नक्कल केली तर हसणार कोण? ते तर कोणालाही येतं.

असे हे काका. सिनेगॉगात शेवटच्या रांगेत बसायचे, पुस्तकातली प्रार्थना ओठांतल्या ओठांत म्हणायचे, सगळ्यांच्या आधी घरी. शुक्रवारी सूर्यास्ताला आमचा शब्बाथ लागतो. मग शनिवारी रात्रीपर्यंत काम बंद, प्रवास बंद, म्हणून शुक्रवारी दुकान दुपारीच मिटतं. काकू स्वयंपाकाला लागते आणि काका ‘सामान बघून येतो’ म्हणून बाहेर पडतात. मेणबत्त्या लावायच्या जरा आधी परत येतात. इतकी वर्षं कोणी विचारलं नाही की दर शुक्रवारी कसलं सामान बघता आणि बघितलेलं सामान कुठे असतं.

मग टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीचा रखवालदार खुर्ची घेऊन आला. तिची बैठक खाली गेली होती. काका एक सोफा पोचवायला गेले होते. दुकानात मी आणि काकू. ह्या रखवालदाराची खुंटी फार मोठी, ती दुरून दिसते. ‘मी कशाला खोटं बोलू, वहिनी, मला काय पडलंय,’ असं म्हणत त्यानं खुर्ची ठेवली आणि म्हणाला की तुमचे मालक हल्ली बरे आहेत ना. काकू म्हणाली, बरे आहेत, का? तो म्हणाला, नाही, मला काय पडलंय. मग जे त्याला पडलं नव्हतं ते त्यानं सगळं सांगितलं. दर शुक्रवारी टाकीमागच्या निलगिरीच्या झाडीत काका येतात. तिथे ते कोणाशी तरी बोलतात. खूप बोलतात. कधी हसतात, एकदा तर पाय आपटले, आणि परवा रडत होते.

काकूनं विचारलं, कोणाशी?

दुसरं माणूस काही त्याला दिसलं नव्हतं. झाडी दाट आहे आणि त्याला टाकी सोडता येत नाही. ‘पण वहिनी, मी कशाला खोटं बोलू, एकटं माणूस असं बोलेल का? मी माझ्या कानांनी ऐकलं. म्हणाले, तुझ्याशिवाय मी हे कुणाला सांगू.’

मशीन थांबलं होतं. ते थांबणं नेहमीचं, दोरा तुटला की थांबतं. पण काकूही थांबली होती. तिच्या हातात खोळ तशीच, सुई अर्धी कापडात. मी जन्मल्यापासून त्या खोलीत असली शांतता ऐकली नव्हती. रखवालदारही घाबरला आणि खुर्ची कधी मिळेल ते न विचारताच गेला.

त्यानंतर काकूनं काय केलं तर धुवायच्या कपड्यांतून काकांचे मोजे काढले. त्यांना कुसळं चिकटलेली. तिला वाटायचं ती दुकानातल्या काथ्याची आहेत. दर आठवड्याला ती बसून एकेक वेचायची आणि काथ्याला शिव्या द्यायची.

आमच्या स्वयंपाकघरात सभा भरली. आई सुस्कारा सोडून म्हणाली की ह्या वयात पुरुषांना असं होतं म्हणतात. बाबांचा विश्वासच बसेना. ते म्हणत होते, दादा? दादासमोर एखादी गिऱ्हाईक बाई कापड निवडायला उभी राहिली तरी दादाला घाम फुटतो, तो झाडीत जाऊन काय करणार. एरवी ह्यावर काकूच आधी हसली असती. ती मोजा हातात घेऊन बसली होती.

‘माझ्याशी एवढ्या वर्षांत सलग तीन वाक्यं बोलले नाहीत,’ ती म्हणाली. ‘मला वाटायचं, माणूसच तसा आहे. काही माणसं उंच असतात, काही बुटकी, तसे हे गप्प. आणि तिथे हसतात? रडतात? म्हणजे बोलता येतं. फक्त माझ्याशी नाही. मग मी कोण, दुकानातली शिवणकाम करणारी?’

काकूनं जाहीर केलं की तिथे जी कोणी आहे तिचं एकदा नक्की कळू दे, मग ती आपल्या बहिणीकडे जाईल आणि परत येणार नाही. माळ्यावरून बॅग काढून तिनं वारा लागायला उघडी ठेवली. काकूच्या जिभेवर अशी जाहीर वाक्यं रोज येतात, पण बॅग कधी आली नव्हती.

आता पाहायला जायचं कोणी? बाबा म्हणाले, मी भाऊ आहे, मला शोभत नाही. आईचे गुडघे टेकडीला तयार नाहीत. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षभर ‘तुझे कान म्हणजे घराला लागलेली कीड आहे’ म्हणणाऱ्या आईनंच माझ्या कानांची तारीफ सुरू केली. मी आढेवेढे घेतले, पण फारसे नाही.

शुक्रवारी मी काकांच्या आधीच टाकीजवळ पोचले. रखवालदारानं मला डोळ्यांनी झाडी दाखवली आणि आपल्याला काहीच पडलेलं नाही असा चेहरा केला. टाकीच्या मागे उतार आहे, निलगिरीची झाडं, वाळलेल्या सालींचा खच, आणि खाली जुनी दगडाची खाण. मी एका आडव्या ओंडक्यामागे बसले. काका आले. एकटेच. टोपी सारखी केली, इकडेतिकडे पाहिलं आणि फेऱ्या मारायला लागले. मी बाईची वाट पाहत होते. खरं सांगायचं तर तिचा आवाज कसा असेल ह्याची मला जास्त उत्सुकता होती.

काका थांबले आणि म्हणाले, ‘अरे.’ फेरी मारली. ‘अरे.’ परत फेरी. ‘अरे ऐक ना.’ मग जे सुरू झालं त्यानं मी ओंडक्यामागे सरळ बसले. आवाज. काकांना आवाज होता. भरलेला, गोल, खाली बसणारा आणि पुन्हा वर येणारा, आणि मध्येच ‘मी काय म्हणतो’ असं म्हणून समोरच्याच्या बटणाला हात घालणारा. खुंटी. इतकी वर्षं आमच्या पायाखाली एवढा आवाज राहत होता आणि मला पत्ता नव्हता.

‘तू काही बोलत नाहीस, तुझं बरं आहे,’ काका म्हणत होते. ‘सगळं मीच बोलायचं. मी काय म्हणतो, एखाद वेळी हूं तरी म्हण.’ आणि त्यांनी वर पाहिलं. बाजूला नाही, झाडामागे नाही, वर. ‘जगाच्या मालका,’ ते म्हणाले, ‘त्या दातवाल्याच्या कोचाची मधली स्प्रिंग मी जुनीच ठेवली. चालेल अजून. पण त्याला सांगितलं नाही. आता तुला सांगतोय तर लाज वाटते. सोमवारी बदलतो.’

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. पुस्तक नाही, हिब्रू नाही, रांग नाही, पुढे रब्बी नाही. काका सूट घालूनसुद्धा आले नव्हते. दुकानातल्या कपड्यांवर, धागे लागलेल्या विजारीवर, ते देवाशी असे बोलत होते जसं कोणी शेजारच्या दुकानदाराशी बोलतं. गुडघा दुखतो. फोमवाला फसवतो. धाकट्या भावाला म्हणे सगळं सोपं वाटतं. (हे बाबांना मी सांगितलेलं नाही.) मग म्हणाले, ‘वरची पोर सगळ्यांच्या नकला करते, माझी करत नाही. मी काय म्हणतो, मी नकलेएवढाही नाही का?’

माझे डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले. काका हसले, स्वतःशीच, जोरात. मग झाडाला टेकून बसले आणि बराच वेळ सालीचा तुकडा सोलत राहिले. आवाज उतरला.

‘आणि ते आपलं नेहमीचं,’ ते म्हणाले. ‘विसरू नकोस. आधी तिला ने. मी राहीन. पण आधी तिला ने.’

मी पळाले. कोणीही पळालं असतं. ‘तिला’ म्हणजे कोणाला हे कळायला कान लागत नाहीत, काकांच्या आयुष्यात एकच ‘ती’ आहे. उतारावरून मी कशी आले, रखवालदार काय म्हणाला, काही आठवत नाही.

स्वयंपाकघरात तिघंही वाट पाहत होते. मी सांगितलं, बाई नाहीये. आईनं सुस्कारा सोडला, हा निराळा, हलका. बाबा टेबलावर हात मारून म्हणाले, बघा, मी म्हणत होतो. मग मी सांगितलं की काका देवाशी बोलतात. बाबांचा हात टेबलावरच राहिला. ‘देवाशी?’ ते म्हणाले. ‘म्हणजे प्रार्थना?’ मी म्हटलं, नाही, गप्पा. आई हळूच म्हणाली की डॉक्टरला दाखवायला हवं.

बाई नाही म्हटल्यावर काकू सैल पडेल असं मला वाटलं होतं. ती आणखी ताठ झाली.

‘बाई असती तर जाऊन झिंज्या उपटल्या असत्या,’ ती म्हणाली. ‘आता ह्याच्या कुठे धरू?’ मग माझ्याकडे वळली. ‘काय बोलतात? त्यांच्या आवाजात सांग.’

मी सुरू केलं. मान्य करते, मला मजा आली. ‘अरे… अरे ऐक ना… मी काय म्हणतो…’ आवाज पहिल्याच झटक्याला बसला. बाबा उभेच राहिले. आई म्हणाली, हा काय भावजींचा आवाज आहे? बाबा म्हणाले, आहे, लहानपणी होता. काकूनं डोळे मिटून घेतले होते. मी कोचाची स्प्रिंग केली, गुडघा केला, फोमवाला केला, नकलेचं केलं. काकूचे ओठ हलत होते, जणू एकेक वाक्य ती चाखून पाहतेय. स्वतःच्या नवऱ्याचं बोलणं ती माझ्या तोंडून ऐकत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मी आधी कुठल्याच तोंडावर पाहिलं नव्हतं. मग मी झाडाला टेकले, सालीचा तुकडा सोलला, आणि थांबले.

‘पुढे,’ काकू म्हणाली.

मी म्हटलं, पुढे काही नाही.

‘तुझे कान लाल झालेत. पुढे.’

बाबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग तोंडातून आलंच, त्याच आवाजात, कारण दुसऱ्या आवाजात ते मला सांगता आलं नसतं. ‘आधी तिला ने. मी राहीन. पण आधी तिला ने.’

आईच्या हातातला डाव भांड्यात पडला. बाबा म्हणाले, चुकीचं ऐकलं असशील, वारा असतो तिथे. मी चुकीचं ऐकत नाही, हे ह्या घरात सगळ्यांना माहीत आहे. काकू उठली. तिनं पदराचा नाही की रुमालाचा नाही, कशाचाच आधार घेतला नाही, सरळ जिन्यानं खाली गेली. आम्ही मागे. तिनं बॅगेत साडी नाही, पातळ नाही, जे हाताला येईल ते कोंबलं. उशीची खोळ, कात्री, एक चप्पल. चेन लावली आणि बॅग दाराशी आणून उभी केली.

आणि तेव्हा सगळ्यांना एकदमच खिडकीबाहेरचं ऊन दिसलं. ते भिंतीवर चढलं होतं. थोड्या वेळात शब्बाथ लागणार. शब्बाथला आमच्यात कोणी गाडीत बसत नाही, अगदी नवऱ्याला सोडून जायचं असलं तरी. काकू बॅगेपाशी उभी राहिली, मग स्वयंपाकघरात गेली, मेणबत्त्या मांडल्या, डोळ्यांवर हात ठेवून आशीर्वाद म्हटला आणि तिच्या मरणाची प्रार्थना करणाऱ्या माणसाच्या समोर जेवायला बसली.

काका कुसळांसकट आले होते. दाराशी बॅग पाहिली, तिला वळसा घातला, हात धुतले. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. काकू बोलली नाही. पहिल्या घासाला नाही, शेवटच्या घासाला नाही. काकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, परत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मीठ पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी सिनेगॉगात प्रार्थना संपल्यावर बाबांनी रब्बींना बाजूला घेतलं. मी जवळच पुस्तकं रचत होते, फार हळूहळू. बाबा कुजबुजत होते की दादाच्या डोक्याचं काही कळत नाही, तो झाडाझुडपांत जाऊन देवाशी आपल्या रोजच्या भाषेत भांडतो. वेड लागलंय म्हणायचं की पाप?

रब्बी म्हणाले, दोन्ही नाही. आपल्यात ही जुनी वाट आहे. काही थोर लोक शिष्यांना सांगायचे की रोज नाही जमलं तर अधूनमधून तरी एकट्यानं बाहेर पड, रानात, गवतात, जिथे माणूस नाही. तिथे आपल्या बोलीत, जिवलगाशी बोलावं तसं निर्मात्याशी बोल. लाज, राग, हिशेब, जे असेल ते. शब्द सुचले नाहीत तर एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हण, तोही चालतो. ‘असं आहे. आहेच असं. मला स्वतःला जमलं नाही कधी. दोन वाक्यांत मी गप्प होतो. तुमचा भाऊ किती वेळ बोलतो?’

बाबांनी मग आवाज आणखी उतरवून ते वाक्य सांगितलं. रब्बींचा चेहरा उतरला. मग त्यांनी सरळ माझ्या दिशेनं, पुस्तकांच्या ढिगाकडे पाहून विचारलं की पुढे काय म्हणाला. मी म्हटलं, माहीत नाही, मी पळाले. ते म्हणाले, तिथलं बोलणं चोरून ऐकणं वाईट. पण अर्धं ऐकून घरी आणणं त्याहून वाईट. तिथे माणूस वाक्य अर्ध्यावर टाकून येत नाही, त्याचसाठी तर तो तिथे जातो.

काकूला हे सांगितलं. ती म्हणाली, ठीक आहे, शुक्रवारपर्यंत थांबते. पूर्ण मी स्वतः ऐकणार. तोपर्यंत बॅग तिथेच राहील.

तो आठवडा मी विसरणार नाही. खाली मशीन चालायचं, त्याच्या वर काहीच नाही. हातोडी चुकत होती. ठक, आणि मग लाकडावर ठप्प. गिऱ्हाइकं दारातून आत डोकावायची आणि कोणी गेलंय का असं खालच्या आवाजात विचारायची. काका रोज बॅगेला वळसा घालून जायचे. एकदा त्यांनी ती झाडताना उचलली आणि झाडून झाल्यावर पुन्हा बरोबर त्याच जागी ठेवली. विचारलं नाही.

शुक्रवारी काका निघाले आणि थोड्या वेळानं काकू आणि मी. उतारावर तिला हात द्यावा लागत होता. तिनं नको तितके चांगले बूट घातले होते. रखवालदार तिला बघून टाकीच्या मागेच गेला. काकू मनात भाषण जुळवत होती, मला ओठांवरून दिसत होतं, पहिला शब्द ‘लाज’ होता. ओंडक्यापाशी मी तिला खाली बसवलं.

आवाज आलाच. काकूनं माझं मनगट पकडलं. माझी नक्कल ऐकलेली असली तरी खरा आवाज खराच असतो, तो पोटात जातो.

‘घरी दाराशी बॅग आहे,’ काका सांगत होते. ‘कसली आहे हे विचारायची माझी छाती नाही. आठवडाभर ती बोलली नाही. जगाच्या मालका, मला काम सुचत नाही रे. एक खिळा गिळता गिळता राहिलो. मी काय म्हणतो, तिचं बोलणं ऐकू आलं नाही तर मला कापड कुठवर ताणायचं तेच कळत नाही. म्हणून परत सांगतो. आधी तिला ने.’

काकूची नखं माझ्या हातात रुतली. मी तिला धरून ठेवलं.

‘मी आधी गेलो तर ती बोलेल कोणाशी? वरचे लोक चार दिवस ऐकतील, मग दार लोटून घेतील, त्यांचा तरी काय दोष. ती रिकाम्या खोलीत बोलत बसेल. तसं तिला करू नकोस. मला गप्प बसायची जन्माची सवय आहे. ती गेल्यावर मी गप्प बसेन आणि कोणाला कळणारही नाही काय झालं ते. ते मागे राहणं माझ्या वाट्याला घाल. मागणं वाईट आहे, कळतं मला. हे कोणापाशी बोलायचं? तुझ्याशिवाय कुणाला सांगू?’

काकू उठली. मी धरलेला हात तिनं असा सोडवला की मी सालींवर बसले. ती चांगल्या बुटांनी कचरा तुडवत थेट झाडांमध्ये गेली. काकांनी तिला पाहिलं आणि ते उभ्या जागी पांढरे पडले, जसं कोणी आंघोळीत दार उघडावं. तिनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. तोंड वर केलं.

‘ह्यांचं एक अक्षर ऐकू नकोस,’ ती आभाळाला म्हणाली. ‘ह्यांना काय माहीत? मी बोलते ते हौसेनं बोलते का? लग्न करून आले तेव्हा घरात घड्याळाशिवाय काही वाजत नव्हतं. म्हटलं, कोणीतरी बोललं नाही तर इथे राहायचं कसं. हे बोलेनात म्हणून मी बोलले. एकदा सुरू केलं ते बंद कसं करायचं? बंद केलं तर ह्यांना वाटेल मी रागावले. तुला खरं सांगू का? मला गप्प बसायला आवडतं. माहेरी मला सगळे मुकी म्हणायचे.’

मी ओंडक्यामागे तोंड उघडं टाकून बसले होते. काकू. आमची काकू.

काकांनी टोपी काढली, परत घातली. मग त्यांनी वर नाही, काकूकडे पाहिलं.

‘तुला आवडतं?’ ते म्हणाले. ‘गप्प बसायला?’

‘फार. हा आठवडा, राग सोडला तर, मला इतकं बरं वाटलं.’

‘मग इतकी वर्षं…’

‘इतकी वर्षं तुमच्यासाठी घसा फोडला.’

‘आणि मी,’ काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज पुन्हा त्या गोल, भरलेल्या जागेवर आला, ‘मी काय म्हणतो, मला वाटलं तुला बोलायचं असतं, म्हणून मी मध्ये पडत नव्हतो.’

चोर सापडावा आणि तो आपल्याच घरचा निघावा, तशी तोंडं झाली होती दोघांची. मग काकू एकदम खाली बसली, सालींच्या ढिगावर, चांगल्या कपड्यांनिशी. काका तिच्या शेजारी बसले नाहीत. थोडं लांब बसले. कोणी काही बोललं नाही आणि मला जावंसं वाटलं, म्हणून मी गेले. ह्या वेळी चालत.

संध्याकाळी काकांनी बॅग उघडली. उशीची खोळ, कात्री आणि एक चप्पल बघून त्यांनी मान हलवली आणि बॅग माळ्यावर चढवली. काकूला त्यांनी सांगितलं की टेकडीवर मात्र आपण एकटेच जाणार, तिथे दोन माणसं असली की ते काम होत नाही. काकूनं ते मान्य केलं आणि वर स्वतःसाठी मंगळवारची दुपार घेतली. बाबांना हे कळल्यावर ते आईला म्हणाले, आधी एकाचंच डोकं गेलं होतं. रब्बींनी मला बोलावून कान पिळला आणि मग, कोणी बघत नाही ना हे पाहून, काकांचा ‘अरे ऐक ना’ करून दाखवायला सांगितलं. मी केला. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

पहिल्या मंगळवारी काकू टेकडीवरून आली तेव्हा आम्ही सगळे खालीच होतो. आईला उगाच एक उशी नीट करून हवी होती, बाबांना हातोडी उसनी हवी होती, मी तर असतेच. काकूच्या मोज्यांना कुसळं लागली होती. तिनं बूट काढले, पाणी प्यायली, मशीनवर बसली, दोरा ओवला. काका एका आरामखुर्चीला पाठ लावत होते. त्यांनी तोंडातले खिळे हातावर काढले.

‘काय मागितलंस?’ त्यांनी विचारलं. सगळ्यांसमोर.

एरवी साधं ‘किती वाजले’ विचारलं तरी काकूचं उत्तर बाजारात फिरून येतं. तिनं मशीनचं चाक हातानं थोडं पुढे घेतलं, टाका बघितला.

‘ते माझं आणि त्याचं आहे,’ ती म्हणाली आणि शिवायला लागली.

आईनं सुस्कारा सोडला. बाबा हातोडी विसरून वर निघून गेले. काका खिळे मुठीत धरून तसेच उभे होते. तिनं गोटाची एक अख्खी बाजू पुरी केली, कापड फिरवलं, दुसरी धरली.

काकांनी पुन्हा विचारलं.